मोड आणि हिरमोड

इंग्रजीतील ‘डिस्कम्फिट’ हे क्रियापद मराठीत आणताना अनुवादकापुढे पेच उभा राहतो. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी, रचलेले विस्कटून टाकणे, हा भाव आहे. त्यामुळे रणांगणात शत्रूची फळी मोडणे हा त्याचा आद्य अर्थ. १६११ च्या इंग्रजी बायबलात यहोशवा अमालेकाचा पाडाव करतो, तेथे हाच शब्द योजिला आहे. पुढे उच्चाराने जवळच्या ‘डिस्कम्फर्ट’ या शब्दाच्या छायेत तो आला आणि त्यास अस्वस्थ करणे, ओशाळे करणे, हा अर्थ चिकटला. आज हाच अर्थ रूढ असून पहिला जुनाट ठरला आहे.

या अर्थांतरास केवळ अज्ञानाचे फळ मानणे एकांगी होय. सैन्य विस्कटते तसे मनही विस्कटते, हे मराठीसही ठाऊक आहे. बखरकार फौजेचा ‘मोड’ सांगतो. बोलभाषा मनाचा ‘हिरमोड’ सांगते. मात्र मराठीने दोहोंसाठी दोन शब्द राखले. इंग्रजीने एकाच शब्दावर दोन्ही भार टाकले आणि निवडीची जबाबदारी अनुवादकावर आली.

ही निवड किती महत्त्वाची आहे, हे हावड्याच्या तीरावरून पाहिल्यास कळते. हावडा हुगळीच्या पश्चिम तीरावर वसले आहे. याच तीरावरचे हुगळी शहर १७४२ मध्ये मराठ्यांनी घेतले. त्याच वर्षी याच तीरावर, उत्तरेस काटव्याजवळ, अलीवर्दीखानाने भास्करराम कोल्हटकरांच्या सैन्यावर अवचित घाला घातला. तो शब्दाच्या जुन्या अर्थाने मराठ्यांचा मोड होता. पैलतीरावरील कलकत्त्यावर मात्र मराठे चालून गेलेच नाहीत. तरीही नगरवासीयांनी १७४३ मध्ये ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला आणि धोका टळताच तो अर्धवट सोडला. युद्धावाचून झालेली ही गाळण शब्दाच्या नव्या अर्थात बसते. मराठीतील साधा ‘बारगीर’ बंगालीत ‘बर्गी’ होऊन अंगाईगीतातील भयाचे नाव बनला, तोही याच अनुभवाचा अवशेष.

या काळावरील इंग्रजी ग्रंथ मराठीत आणताना सरसकट ‘पराभव’ लिहिल्यास न झालेली लढाई इतिहासात शिरेल. सरसकट ‘अस्वस्थ’ लिहिल्यास काटव्याचा मोड पुसला जाईल. कोश दोन्ही अर्थ देतो. निवाडा ग्रंथाचा काळ आणि प्रसंग पाहूनच करावा लागतो. अनुवादकाच्या इतिहासबुद्धीची कसोटी ती हीच.