चौंडीचा वाडा आणि त्याचे रहिवासी : वास्तुजीर्णोद्धाराच्या समीक्षेचा एक प्रश्न

जुन्या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकापुढे जो प्रश्न असतो, तोच जुन्या घराचा जीर्णोद्धार करणाऱ्यापुढेही असतो. फरक एवढाच की संपादकास त्याची जाणीव असते आणि घर सावरणाऱ्यास बहुधा ती नसते. कोणता पाठ मूळ मानावयाचा, कोणता प्रक्षिप्त म्हणून वगळावयाचा आणि वगळण्याचा अधिकार आपणांस कोणत्या आधारावर पोचतो, हा तो प्रश्न होय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. ग्रंथाच्या बाबतीत हा इशारा सर्वस्वी योग्य आहे, कारण ग्रंथाचा कर्ता एक असतो. घराचा कर्ता एक नसतो. घरात मागाहून आलेला माणूस प्रक्षिप्त नसतो. तो रहिवासी असतो. जीर्णोद्धार केलेल्या वास्तूंची समीक्षा करताना हा भेद दृष्टीआड झाला की काय होते, ते जामखेड तालुक्यातील दोन वाड्यांच्या आधारे पाहण्याचे योजिले आहे.

त्यांपैकी पहिला वाडा सर्वपरिचित आहे. सीनेच्या काठच्या चौंडी गावी माणकोजी शिंदे ह्या पाटलाच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. शिंद्यांच्या ह्या वाड्याचा जीर्णोद्धार झाला असून जन्मस्थळ म्हणून तो लोक श्रद्धेने पाहावयास येतात. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जन्मास तीनशे वर्षे पूर्ण होत असता ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठकच चौंडीस भरली आणि स्मृतिस्थळासाठी ६८१ कोटी रुपयांचा आराखडा मान्य झाला. एवढ्या मोठ्या द्रव्याचा विनियोग ज्या वास्तूभोवती व्हावयाचा, तिच्याविषयी विद्यापीठीय वर्तुळात चार शब्द चिकित्सेचे निघू नयेत हे बरे नव्हे. चिकित्सा म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे येथे निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

आता कालगणना पाहा. अहिल्याबाईंचा विवाह खंडेराव होळकरांशी १७३३ साली झाला. म्हणजे ह्या घरातील त्यांचे वास्तव्य फार तर आठ वर्षांचे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेला, आणि त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ पर्यंतची सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य चालविले ते महेश्वराहून. राज्यकर्त्या अहिल्याबाई पाहावयाच्या तर त्या नर्मदाकाठी पाहाव्यात. चौंडीस पाहावयाची ती एक लहान मुलगी. मल्हाररावांनी तिला गावच्या देवळात पाहिले आणि सून म्हणून मागणी घातली ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. तिची सत्यासत्यता क्षणभर बाजूस ठेवली तरी एक गोष्ट तीतून निश्चित होते, ती ही की ह्या मुलीची कथा लोकांच्या मनात सुरू होते तीच मुळी घराबाहेर, देवळाच्या आवारात. घर ह्या कथेत जवळजवळ नाहीच.

मग जन्मघर म्हणून जतन करावयाचे ते नेमके काय? जन्म ही घटना घरातील एका विशिष्ट जागी घडते. आपल्याकडील जुन्या घरांत बाळंतिणीची खोली ही सर्वांत आतली, वाऱ्यापासून राखलेली आणि म्हणून काळोखी असे. तेथे बाज, शेकशेगडी, सुईण, पाचवीचे सटवाईपूजन आणि सोयराच्या दहा दिवसांची शिवाशिव एवढा संसार. जन्मस्थळाचे यथार्थ दर्शन घडवावयाचे तर ह्या काळोख्या खोलीपासून आरंभ करावयास हवा आणि तिची नायिका कन्या नव्हे, माता असावयास हवी. परंतु जन्मस्मारक म्हटले की आपली कल्पना एकदम दिवाणखान्याकडे, तसबिरीकडे आणि सिंहासनाकडे धाव घेते. मागाहून आलेली कीर्ती आरंभीच्या खोलीत नेऊन बसविण्याचा हा प्रकार होय. चरित्रलेखनात हा दोष आपण तत्काळ ओळखतो. थोर पुरुषाच्या बालपणीच त्याच्या थोरवीची चिन्हे दाखविणारी चरित्रे आज कोणी गंभीरपणे वाचीत नाही. वास्तूच्या बाबतीत मात्र तोच दोष आपणांस भक्ती वाटतो.

हा दोष केवळ आपलाच आहे असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या राजपदावर पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे जॉर्ज १७१४ ते १८३० ह्या काळात होऊन गेले आणि त्या काळच्या घरांस तिकडे जॉर्जियन म्हणतात. अहिल्याबाईंचे सारे आयुष्य ह्या कालखंडात मावते, हे सहज लक्षात येईल. एडिंबरो शहरातील शार्लट चौकाची आखणी रॉबर्ट ॲडम ह्या वास्तुकाराने १७९१ साली केली. त्यातील सातव्या क्रमांकाचे घर १७९६ साली जॉन लामाँट ह्या जमीनदाराने घेतले. तो तेथे सुमारे वीस वर्षे राहिला. त्याच्यानंतर कॅथरिन फार्कर्सन ह्या बाई, नीव्ह्ज नावाचे न्यायाधीश, अलेक्झांडर व्हाइट नावाचे धर्मोपदेशक अशी बिऱ्हाडे बदलत गेली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाने हे घर सावरून १९७५ साली लोकांस खुले केले, ते लामाँटच्या काळाप्रमाणे मांडून. मांडणी अभ्यासपूर्ण आहे. तळघरातील स्वयंपाकघरही दाखविले जाते, आणि ह्या एका गोष्टीबद्दल त्या न्यासास शाबासकी दिली पाहिजे, कारण चुलीपाशी उभे राहिलेल्यांखेरीज वरचा दिवाणखाना एक दिवसही चालला नसता. तथापि कॅथरिनबाईंची तीस वर्षे आणि न्यायाधीशांची तीस वर्षे ह्या मांडणीत मागे पडतात. पहिला आला म्हणून लामाँट घराचा धनी झाला.

पुण्याचा विश्रामबागवाडा ह्याच कालखंडातला. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ च्या सुमारास बांधून पुरा केला आणि १८१८ मध्ये राज्य गेल्यावर तो ब्रह्मावर्तास गेला; म्हणजे वास्तव्य अवघे अकरा वर्षांचे. १८२१ साली येथे संस्कृत पाठशाळा निघाली, तीच पुढे वाढत वाढत डेक्कन कॉलेज झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा एक भाग जळाला, तो लोकांनी वर्गणी करून पुन्हा उभा केला. पुढे नगरपालिकेची कचेरीही येथे नांदली. आता ह्या वाड्याच्या सुरूच्या आकाराच्या नक्षीदार खांबांपुढे उभे राहून पाहणारा मनात कोणास आणतो? बाजीरावास. वाड्यात शास्त्र शिकलेले विद्यार्थी, आगीनंतर वर्गणी देणारे नागरिक, दप्तरे वाहणारे कारकून, ह्यांचा वाड्याशी संबंध बाजीरावाहून दीर्घ आहे. आणि आगीनंतरची डागडुजी ही तर अक्षरशः त्यांच्या पैशाची आहे. घर त्याच्या नावे लागते, ज्याने त्यात सर्वांत थोडा काळ काढला. एडिंबरो, पुणे आणि चौंडी येथे हा एकच नियम दिसावा हा निव्वळ योगायोग नव्हे. स्मारकास नाव हवे असते आणि नाव असलेली माणसे सहसा एका जागी फार दिवस राहत नाहीत.

चौंडीच्या वाड्यापुरते बोलावयाचे तर तो पाटलाचा वाडा आहे, हे विसरता कामा नये. पाटलाचा वाडा म्हणजे केवळ राहते घर नव्हे. तेथे वसुलाचा हिशेब होई, तंटे चालत, गोतसभा बसे आणि महजर लिहिला जाई. वाड्याची रचनाच ह्या व्यवहाराने ठरलेली असे. गावचा माणूस कोठवर येणार, ओसरीपर्यंत की चौकापर्यंत, हे त्याच्या जातीवर आणि कामावर अवलंबून असे; कुळकर्णी दप्तर घेऊन आत बसे, वेसकर महार दाराबाहेर उभा राही. धान्याचे बळद, गुरांचा गोठा, सुताराने घडविलेल्या तुळया, कुंभाराचे रांजण, ह्या प्रत्येकामागे एकेका बलुतेदाराचा हक्क आणि हजेरी आहे. वाड्याचे पूर्वीचे रहिवासी मोजावयाचे तर उंबऱ्याच्या बाहेर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उभे राहून काम केले, त्यांसही मोजावे लागेल. अहिल्याबाईंच्या बालमनावर राज्यकारभाराचा काही संस्कार चौंडीत झाला असेल तर तो ह्याच ओसरीवर झाला असणार; तेव्हा त्यांच्या चरित्राच्या दृष्टीनेही ही मंडळी उपरी नव्हेत.

बांधणीविषयीही दोन शब्द. जामखेड, पाटोदा, आष्टी, भूम, परंडा ह्या पट्ट्यातील जुने घर हे माळवदाचे घर होय. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर दाट लाकडे, वर पाला आणि त्यावर चेपून बसविलेला मातीचा जाड थर. हा थर पावसाने दरसाल थोडा वाहून जातो, म्हणून दरसाल मृगाच्या आधी माळवदावर नवी माती घालावी लागते. ह्याचा अर्थ असा की हे घर एकदा बांधून संपत नाही. ते दरसाल थोडे बांधावे लागते, आणि त्यात माणूस राहत असेल तोवरच ते टिकते. एकदा खर्च करून कायमचे सावरण्याची कल्पना ह्या जातीच्या वास्तूस मुळातच परकी आहे. सिमेंटची पाटी ओतली की गळती थांबते हे खरे. पण भिंतीची माती आणि पाटीचे सिमेंट ह्यांचे पाण्याशी वागणे भिन्न असल्यामुळे ओल आत कोंडते आणि भिंत आतून खचू लागते. आराखड्यात जर भांडवली खर्चाचा आकडा मोठा आणि वार्षिक मातीकामाची तरतूद नसेल, तर तो आराखडा दगडी इमारतीसाठी आखलेला आहे, वाड्यासाठी नव्हे, असे खुशाल समजावे.

दुसरा वाडा ह्याच तालुक्यातल्या खर्ड्याचा. निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकरांचे हे ठाणे. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात त्यांनी येथे चिरेबंदी किल्ला बांधला आणि गावाच्या मध्यभागी त्यांचा देखणा वाडा होता. ११ मार्च १७९५ च्या लढाईने किल्ल्याचे नाव इतिहासात गेले. नाना फडणिसांनी जुळविलेल्या आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली लढलेल्या मराठी फौजांनी निजामअलीस ह्या किल्ल्यात कोंडले, आणि त्याने दौलताबादेसह मोठा मुलूख देऊन तह केला. त्या फौजांत तुकोजी होळकरांची पथके होती. महेश्वरास अहिल्याबाईंचे अखेरचे वर्ष चालू असता त्यांचेच सैन्य त्यांच्या माहेरच्या टापूत येऊन लढून गेले, ही गोष्ट चौंडी आणि खर्डा ह्यांचा इतिहास वेगवेगळा सांगण्याच्या रिवाजामुळे कोणाच्या फारशी ध्यानी येत नाही.

किल्ल्यास लढाई लाभली. वाड्यास काहीच लाभले नाही. कोणी कीर्तिमान व्यक्ती तेथे जन्मली नाही. आणि निंबाळकर तर पडत्या बाजूचे. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरातच हा वाडा पडीक म्हणून नोंदला आहे. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता ज्या घराला एकही नाव चिकटलेले नाही, तेथेच सर्व रहिवाशांना समान न्याय देण्याची संधी असते. कोणता काळ मूळ मानावा हा वादच तेथे उद्भवत नाही. सरहद्दीवरच्या सरदाराचे कुटुंब निजामाची चाकरी आणि मराठ्यांचा शेजार ह्यांमध्ये कसे राहत होते, त्याच्या घरात मोगलाई वळण किती आणि देशी किती, हे प्रश्न खर्ड्यास जितके सरळ विचारता येतात तितके चौंडीस विचारता येत नाहीत, कारण तेथे उत्तर आधीच ठरलेले असते.

पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तरात ह्या प्रांताचे हिशेब आणि वतनांची प्रकरणे धुंडाळण्याजोगी आहेत. गावझाडे, महजर, इनामाच्या चौकशीचे कागद ह्यांतून पाटलाच्या घरी कोण राबत होते, कोणास काय बलुते मिळत होते, हे पुष्कळसे बाहेर येऊ शकेल. हे काम मोडी वाचता येणाऱ्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी अवश्य हाती घ्यावे. दप्तर थांबेल, ते खोक्यांत सुरक्षित आहे. खर्ड्याच्या वाड्याचे जे काही अवशेष उभे असतील त्यांचे मोजमाप आणि नकाशे मात्र पुढच्या मृगाच्या आत व्हावयास पाहिजेत.