एक नाव, तीन क्रेऊसा

ग्रीक पुराणकथांच्या कोशात ‘क्रेऊसा’ हे नाव काढले, की त्याखाली अनेक स्त्रिया क्रमांकाने मांडलेल्या आढळतात. नावाचा अर्थच ‘राज्य करणारी’. ‘क्रेऑन’ या राजनामाचे ते स्त्रीरूप. कथेला राजकन्या हवी, पण तिचे व्यक्तित्व नको, अशा ठिकाणी ते सोयीचे पडते. कैकेयी, गांधारी ही नावेही देशावरूनच पडलेली. परंतु आपल्या महाकवींनी त्यांना वाणी दिली. क्रेऊसांची पारख याच कसोटीवर करावयास हवी.

पहिली कॉरिंथची, जेसनची नववधू. इ. स. पूर्व ४३१ मधील युरिपिडीसच्या ‘मेडिया’त तिला नाव नाही, रंगमंचावर प्रवेशही नाही. मेडियाने पाठविलेले विषारी वस्त्र व मुकुट लेऊन ती आरशात पाहते आणि होरपळून मरते, हे आपल्याला दूताच्या तोंडून कळते. पुढे रोमन नाटककार सेनेका तिला क्रेऊसा म्हणतो. नाव मिळाले, शब्द मिळाले नाहीत.

दुसरी ट्रॉयची, ईनियसची पत्नी. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या दुसऱ्या सर्गात जळते नगर सोडताना ईनियस पित्याला खांद्यावर घेतो, मुलाचा हात धरतो आणि पत्नीला मागून यावयास सांगतो. ती मागेच राहते. नंतर तिची छाया बोलते, ते त्याला लाभणाऱ्या राज्याविषयी आणि नव्या राजपत्नीविषयी! प्रसंग करुण खरा; तरी ही वाणी नायकाचा मार्ग मोकळा करण्यापुरतीच आहे. पौसानियसच्या नोंदीनुसार जुन्या काव्यांत ईनियसच्या पत्नीचे नाव युरिडिसी होते. म्हणजे नावही बदलता येण्याजोगे.

तिसरी अथेन्सची, इरेक्थियसची कन्या. युरिपिडीसच्या ‘आयॉन’मध्ये ती डेल्फीला, अपोलोच्याच दारी, त्याने केलेल्या बलात्काराचा आणि टाकून द्याव्या लागलेल्या अर्भकाचा उघड उच्चार करते. करंड्यातील वस्तू न पाहता अचूक सांगून ती आपला पुत्र मिळवते. मात्र अपोलो समोर येत नाही. त्याच्या वतीने अथीना येते आणि पतीला सत्य कळू देऊ नये, असे बजावते. पुत्रप्राप्तीनंतर क्रेऊसाही देवाची स्तुती करते.

नाटककाराने तिला पूर्ण न्याय दिला, असे म्हणवत नाही. परंतु आरोप एकदा उच्चारला गेला आहे. शेवटच्या स्तुतीने तो पुसला जात नाही. तिघींपैकी हिलाच कोशातील क्रमांकाची गरज उरत नाही.