लपण्याची नीती : ‘मेटल गिअर’ मालिका आणि तिच्या उपशाखा

व्हिडिओ गेमवर संशोधनपर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. ‘मेटल गिअर’ ही जपानी मालिका मी पन्नाशीनंतर, बटणांवर बोटे अडखळत असताना खेळायला घेतली. तिच्यातल्या एका नदीपाशी माझे मत बदलले.

आधी जन्मकथा. १९८७ साली कोनामी कंपनीच्या हिदेओ कोजिमा यांना एमएसएक्स-२ संगणकासाठी युद्धाचा खेळ करायचा होता. त्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी फार आकृत्या हलवणे झेपत नसे. धुमश्चक्री दाखवणे अवघड. कोजिमांनी त्या अडचणीचाच नियम केला : लढायचे नाही, लपायचे. सॉलिड स्नेक हा एकटा हेर शत्रूच्या तळात शिरून अण्वस्त्र डागणारा चालता रणगाडा, म्हणजेच ‘मेटल गिअर’, नष्ट करतो. आपल्याला इथे गनिमी कावा आठवेल. पण गनिमी काव्यात घाव घालून पसार व्हायचे असते. इथे उत्तम खेळाडू तो, ज्याच्या येण्याची कुणाला चाहूलही लागत नाही.

या नियमाला नैतिक वजन आले ते २००४ च्या ‘स्नेक ईटर’मध्ये. काळ १९६४, स्थळ सोव्हिएत जंगल. नायकावर स्वतःच्या गुरूला, ‘द बॉस’ला, ठार मारण्याची कामगिरी आहे. वाटेत ती नदी लागते. तुम्ही आजवर मारलेले सैनिक आपापल्या जखमांसह समोरून चालत येतात. त्यांच्यावर बंदूक चालत नाही. पहिल्या वेळी मी उतावीळपणे बरेच पहारेकरी टिपले होते. नदी संपता संपेना. दुसऱ्या वेळी बेशुद्धीच्या गोळ्या वापरल्या. तेव्हा कथेनेच ज्यांचे मरण ठरवले होते, तेवढेच भेटले. अखेरीस पांढऱ्या फुलांच्या माळावर गुरू जखमी पडते आणि खेळ थांबून राहतो. चाप खेळाडूनेच ओढायचा. कादंबरीच्या वाचकाला खुनाचा साक्षीदार होता येते. इथे साक्षीदाराची जागाच ठेवलेली नाही.

उपशाखा तपासायच्या त्या याच कसोटीवर. ‘मेटल गिअर अॅसिड’ (२००४) पत्त्यांवर चालतो. प्रत्येक हालचालीची किंमत मोजावी लागते, त्यामुळे लपण्यातला विचार टिकतो. ‘पीस वॉकर’ (२०१०) कोस्टा रिका या सैन्य नसलेल्या देशात घडतो. पण तिथे बेशुद्ध केलेला शत्रू फुग्याला बांधून उचलायचा आणि आपल्याच फौजेत भरती करायचा. जीव वाचवणे हा फायद्याचा हिशेब होतो. मालिकेवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप मला वाटतो, आणि तो कोजिमांच्याच कृतीवर आहे.

प्लॅटिनमगेम्सने घडवलेला ‘रायझिंग’ (२०१३) तलवारीचा खेळ. त्यात नायक रायडेनला समोरच्या सैनिकांच्या मनातली भीती ऐकू येते. तो क्षणभर थबकतो, मग आपण खुनीच आहोत हे स्वीकारून अधिक बळाने कापू लागतो. नदीत अपराधभाव पाऊल जड करत होता. इथे तो इंधन होतो. तरी प्रश्न विचारला जातो, हे मान्य केले पाहिजे.

२०१५ मध्ये कोजिमा कोनामीतून बाहेर पडले. २०१८ च्या ‘सर्व्हाइव्ह’मध्ये शत्रू म्हणजे झोंबीसारखी भटकी शरीरे. तहान-भूक सांभाळायची, कुंपणे उभारायची, येईल त्याला मारायचे. खेळाची यंत्रणा वाईट नाही. पण ज्याला मारायचे त्याला चेहराच नसेल, तर टाळायचे कोणाला आणि का?

मूळ कर्ता गेला म्हणून उपशाखा वाळली, असे सोपे अनुमान मी काढणार नाही. ‘पीस वॉकर’ त्याच्या आड येतो. मी एवढेच पाहतो, की मेलेला माणूस खेळात पुन्हा भेटतो की नाही. रोजच्या बातम्यांत युद्धातल्या मृतांचे आकडे आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या नदीत मला पान उलटता आले नाही.