समुपदेशनातला उपदेश

मंगळवार पेठेत आमच्या शेजारच्या वहिनी गेले आठ-नऊ महिने खचलेल्या आहेत. झोप नाही, अन्नावर वासना नाही, शुक्रवारी अंबाबाईला जाणेही सुटले. गोळ्यांसोबत त्यांना ‘समुपदेशन घ्या’ असे सांगितले गेले. पहिल्याच भेटीनंतर मला म्हणाल्या, “भावजी, बाईंनी काय सांगितलंच न्हाई. मलाच बोलाय लावलं. बोलायला पैसं कशाला द्यायचं?” पुन्हा त्या गेल्या नाहीत.

त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच उपदेश आहे. उपदेश ऐकायला गेलेल्या बाईला बोलते केले की ती गोंधळणारच. शब्द रुळला आहे, तो बदलणार नाही. पण त्याने केलेली दिशाभूल पहिल्या भेटीत निस्तरायला हवी, आणि तिथेच आपली मराठी तोकडी पडते.

‘बोललात की मन हलके होईल’ हे नेहमीचे आश्वासन. ताज्या दुःखाला ते लागू पडते. नैराश्यातला माणूस मात्र तेच ते महिनोन्‌महिने मनाशी बोलत असतो. चार भेटींत हलके वाटले नाही की तो स्वतःलाच असाध्य ठरवतो. दुसरी रीत विवेकनिष्ठ उपचाराची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती सामान्य वाचकापर्यंत नेली. या परंपरेचे ऋण मी मानतो. तरीही ‘दुःख घटनेत नसते, आपल्या दृष्टिकोनात असते’ एवढेच एका वाक्यात सांगितले, तर खचलेल्या माणसाला ‘दोष तुझाच’ असे ऐकू येते. ते तर तो दिवसभर स्वतःला सांगतच असतो.

गोव्यात याहून साधे सांगितले गेले. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवून तयार केले. ‘डिप्रेशन’ हा शब्द बाजूला ठेवून लोकांच्या तोंडचा ताण, ‘टेन्शन’ घेतला. मांडणी अशी : मन उतरले की कामे सुटतात, कामे सुटली की मन आणखी उतरते; हे चक्र कामाच्या बाजूने तोडू. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेटीनंतर घरी करायचे काहीतरी ठरलेले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ३९ टक्के.

माझी एक शंका उरतेच. नवऱ्याची दारू, सावकाराचे कर्ज यांच्यापुढे ‘थोडे फिरून या’ हे थट्टेसारखे वाटू शकते. म्हणून चक्राची गोष्ट सांगताना, ते कशाने सुरू झाले हेही विचारायला हवे.

आणि हे समजावून सांगणे म्हणजे काही मेहेरबानी नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम २२ने रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती, त्याला समजेल अशा भाषेत, मिळण्याचा हक्क दिला आहे.

परवा वहिनींना ते चक्र मी कागदावर काढून दाखवले. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे त्या बाईंनी का न्हाई सांगितलं?” आणि थोड्या वेळाने, “शुक्रवारी देवळात गर्दी किती वाजता कमी असती ओ?”