रामलीला मैदान निवाडा : बळाचा वापर आणि दोषाची वाटणी

दिल्लीच्या रामलीला मैदानावर ४ व ५ जून २०११ च्या मध्यरात्री झालेल्या पोलीस कारवाईची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २३ फेब्रुवारी २०१२ रोजी न्या. बी. एस. चौहान व न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने तिच्यासंबंधी निवाडा दिला. सभास्वातंत्र्याच्या चर्चेत हा निवाडा वारंवार येतो, तो बहुधा एकाच कारणासाठी. झोप हाही जीविताच्या हक्काचा भाग होय, हे न्या. चौहान यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्रात मांडलेले सूत्र लोकांच्या लक्षात राहिले. सूत्र लक्षवेधी आहे खरे. परंतु निवाड्याचा अधिक परिणामकारक आणि अधिक सदोष भाग त्यामुळे दुर्लक्षित राहिला. तो भाग म्हणजे न्यायालयाने केलेली दोषाची वाटणी.

परदेशातील काळा पैसा देशात परत आणावा, या मागणीसाठी बाबा रामदेव यांनी ४ जून रोजी उपोषण आरंभले. मैदानाची परवानगी मात्र योगशिबिरासाठी घेतलेली होती. ती त्या रात्री काढून घेण्यात आली, साडेअकराच्या सुमारास फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदीचा आदेश निघाला आणि मध्यरात्रीनंतर पोलीस मंडपात शिरले. त्या वेळी हजारो स्त्रीपुरुष झोपलेले होते. अश्रुधूर, पाण्याचा मारा व लाठीमार झाला. पाठीच्या कण्यास इजा झालेली एक स्त्री पुढे सप्टेंबरमध्ये मरण पावली.

जमावबंदीच्या तरतुदीची घटनात्मकता न्यायालयाने १९६१ मध्ये बाबुलाल पराते प्रकरणात मान्य केली होती. ते प्रकरण नागपूरचे असून गिरणी कामगारांच्या दोन संघटनांमधील वादातून उद्भवले होते. तरतूद वैध ठरली, परंतु निकडीची परिस्थिती आणि आदेशास आधारभूत अशी वस्तुस्थिती या दोन अटींवर. रामलीला निवाड्याने याच अटींची कसोटी लावली. दिवसभर शांततेने चाललेल्या सभेत रात्री साडेअकरा वाजता कोणती निकड उद्भवली, हे प्रशासनास दाखविता आले नाही. न्यायालयाने आदेश व बळाचा वापर दोन्ही असमर्थनीय ठरविले. निवाड्याचा हा भाग भक्कम आहे. मात्र कारवाईच्या निर्णयात सत्तेचा दुरुपयोग ‘काही अंशी’ झाला, अशा आशयाचे सौम्य विशेषण तेथे का यावे, याचा उलगडा होत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मृताच्या वारसांना ५ लाख, गंभीर जखमींना ५० हजार व किरकोळ जखमींना २५ हजार रुपये देण्याचा आदेश देताना, त्यातील २५ टक्के रक्कम आयोजक न्यासाने द्यावी, असे न्यायालयाने ठरविले. रामदेव यांनी अनुयायांना शांतपणे निघून जाण्यास सांगितले नाही, उलट ते व्यासपीठावरून जमावात उतरले; हा अंशदायी निष्काळजीपणा होय, अशी त्यामागील भूमिका आहे. आयोजकाचे वर्तन बेजबाबदार होते, हे मान्य करण्यास हरकत नाही. योगशिबिराच्या परवानगीवर उपोषण मांडणे हाही सरळ व्यवहार नव्हे. जमावातून विटा फेकल्या गेल्या, हेही न्यायालयाने नोंदविले आहे. प्रश्न वर्तनाच्या नापसंतीचा नसून तिच्यासाठी योजलेल्या संकल्पनेचा आहे.

अपकृत्यांच्या कायद्यात अंशदायी निष्काळजीपणा हा इजा झालेल्या व्यक्तीचा स्वतःचा असतो आणि त्यामुळे तिची भरपाई कमी होते. येथे जखमींचा निष्काळजीपणा कोणी म्हटलेला नाही आणि त्यांची भरपाईही घटलेली नाही. ती केवळ दोन पक्षांत विभागली गेली. त्यास फार तर संयुक्त निष्काळजीपणा म्हणता येईल. हा भेद मोटार अपघातांच्या दाव्यांत दुय्यम न्यायालयेही नित्य पाळतात. पण तेही नाव येथे अपुरे पडते, कारण लाठीमार हा निष्काळजीपणाच नव्हे. तो हेतुपुरस्सर केलेला बळाचा वापर असतो. त्याची वैधता गरज आणि प्रमाण यांवर ठरते. आदेशच मनमानी असेल, तर तो न पाळणाऱ्या आयोजकाचा चतुर्थांश वाटा येतो कोठून, याचे उत्तर निवाड्यात सापडत नाही. आयोजकाने जमाव पांगविण्याचे कर्तव्य पोलिसांच्या वतीने बजावावे, नाहीतर पोलिसी बळाच्या परिणामांत भागीदार व्हावे, अशी अपेक्षा त्यातून निष्पन्न होते. लहान संघटनांना ती परवडणारी नाही. (संपन्न न्यासासाठी २५ टक्के ही किरकोळ बाब असेल, शेतमजुरांच्या संघटनेसाठी ती पुढची सभा न घेण्याचे कारण ठरू शकते.)

विटा फेकणारे व मालमत्तेची नासधूस करणारे पोलीस आणि जमावातील तसेच वागणारे लोक या दोघांविरुद्ध कारवाईचे निर्देश देतानाही हीच समतोलाची ओढ दिसते. शस्त्रधारी यंत्रणा आणि झोपेतून उठविलेला जमाव यांना एकाच तागडीत बसविल्याने समतोल साधतो, असे नव्हे.

शाहीनबाग प्रकरणी ७ ऑक्टोबर २०२० रोजी दिलेल्या निवाड्यात न्यायालयाने निदर्शने नेमून दिलेल्या जागीच व्हावीत, असे म्हटले. रामलीला मैदानावरील लोक अशाच जागी होते. कुंपणाच्या आत, रस्ता न अडविता. जागेच्या निश्चितीने त्यांना संरक्षण मिळाले नाही. १ जुलै २०२४ पासून कलम १४४ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आणि जमाव पांगविण्याची तरतूद कलम १४८ मध्ये गेली. पांगण्याचा आदेश दिल्यानंतर बळ वापरण्यापूर्वी किती अवधी द्यावा, याविषयी जुन्या संहितेप्रमाणे नवीतही काही म्हटलेले नाही.