अगतिक रुग्ण आणि पेप्लाउ यांचा परिचर्या-सिद्धान्त

'शुश्रूषा' या शब्दाने आज आपणांस रुग्णसेवेचा बोध होतो. मूळ संस्कृतात मात्र हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला असून 'ऐकण्याची इच्छा' हा त्याचा पहिला अर्थ होय. ऐकण्यापासून आज्ञापालन आणि आज्ञापालनापासून सेवा, असा त्याचा अर्थविस्तार झाला. हिल्डगार्ड पेप्लाउ यांच्या 'इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग' (1952) या ग्रंथाने याच्या नेमका उलट प्रवास केला, असे म्हणावयास हरकत नाही. वैद्याची आज्ञा पाळणाऱ्या परिचारिकेला त्याने पुन्हा ऐकणाऱ्या व्यक्तीच्या स्थानी नेऊन बसविले. मनोरुग्णांच्या परिचर्येचे शिक्षण जेथे जेथे दिले जाते, तेथे तेथे या ग्रंथातील परिभाषा आजही प्रचारात आहे. म्हणूनच तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत निबंधात या सिद्धान्ताच्या केवळ एकाच अंगाचा, म्हणजे परिचर्या-संबंधाच्या शेवटाचा, विचार करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. पेप्लाउ (1909–1999) या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या. 1931 मध्ये त्यांनी परिचर्येची पदविका घेतली आणि पुढे बेनिंग्टन महाविद्यालयातून 1943 मध्ये मानसशास्त्राची पदवी संपादन केली. मानसिक विकारांचे मूळ व्यक्ती-व्यक्तींमधील संबंधांत शोधणारे हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील लष्करी रुग्णालयात त्यांनी मनोविकारग्रस्त सैनिकांची परिचर्या केली. ग्रंथाचे हस्तलिखित 1948 मध्येच तयार होते. परंतु वैद्याचे नाव सहलेखक म्हणून नसलेला परिचारिकेचा ग्रंथ प्रसिद्ध करणे त्या काळी धाडसाचे वाटल्यामुळे तो प्रकाशात येण्यास आणखी चार वर्षे लागली. क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोरुग्णांवरील वापर पॅरिसमध्ये याच 1952 साली सुरू झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. एकाच वर्षी मनोरुग्णालयाच्या दारात दोन गोष्टी आल्या: एक औषध आणि एक संभाषण. औषधाला प्रवेश सुलभ मिळाला. संभाषणाला तो अद्यापही पुरता मिळालेला नाही.

पेप्लाउ यांच्या मते परिचर्या ही रुग्णावर करावयाची क्रिया नसून दोन व्यक्तींमध्ये घडणारी प्रक्रिया आहे. या प्रक्रियेचे त्यांनी चार टप्पे कल्पिले. पहिल्या, परिचयाच्या टप्प्यात रुग्णाला आपली गरज जाणवलेली असते आणि तिचे स्वरूप ओळखण्यास परिचारिका त्याला साहाय्य करते. दुसऱ्या, तादात्म्याच्या टप्प्यात आपल्याला उपयोगी पडू शकणाऱ्या व्यक्तीशी तो स्वतःला जोडून घेतो. तिसऱ्या, उपयोजनाच्या टप्प्यात उपलब्ध असलेल्या सर्व सेवांचा तो पुरेपूर लाभ घेतो. चौथ्या, विमोचनाच्या टप्प्यात परिचारिकेवरील त्याचे अवलंबन क्रमाने सुटते व तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो. या प्रवासात परिचारिकेच्या भूमिकाही पालटतात. आरंभी ती परकी असते. पुढे माहिती देणारी, शिक्षिका, नेतृत्व करणारी, रुग्णाच्या जीवनातील एखाद्या व्यक्तीची जागा घेणारी आणि सल्लागार अशा भूमिका तिच्याकडे येतात.

या मांडणीचे श्रेय कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्या काळी मनोरुग्णालयातील परिचर्या म्हणजे पहारा, स्नान आणि भोजन एवढेच समीकरण रूढ होते, त्या काळी रुग्णाच्या असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यालाही अर्थ असतो व तो शोधणे हे परिचारिकेचे काम आहे, असे पेप्लाउ यांनी सांगितले. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयाकुल अशा चार पायऱ्या त्यांनी केल्या. चिंता तीव्र झालेल्या रुग्णाला लांबलचक उपदेश कळत नाही. त्याला थोड्या शब्दांत व शांतपणे बोलणारे माणूस जवळ हवे असते, हे व्यावहारिक ज्ञान या वर्गीकरणातून हाती येते. शिवाय परिचारिकेलाही चिंता असते व ती रुग्णापर्यंत पोहोचते, ही गोष्ट त्यांनी निःसंकोचपणे मांडली.

या सिद्धान्ताच्या मर्यादांकडे नंतरच्या अभ्यासांनी लक्ष वेधले. इझाबेल मेन्झिस यांनी लंडनमधील एका रुग्णालयाच्या अभ्यासात (1960) असे दाखविले की, परिचारिकेची चिंता ही केवळ तिच्या वैयक्तिक परिपक्वतेची बाब नाही. ती चिंता टाळण्यासाठी संस्था आपल्या कामाची रचनाच अशी करते की, परिचारिका आणि रुग्ण यांचा संबंध जुळू नये. कामांचे तुकडे पडतात आणि रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने होऊ लागतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी वॉशिंग्टनमधील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात केलेल्या निरीक्षणांवर आधारलेल्या 'असायलम्स' (1961) या ग्रंथात, संस्थेत शिरतानाच माणसाचे कपडे, वस्तू व त्यांबरोबर त्याची स्वतःविषयीची कल्पना कशी काढून घेतली जाते, याचे विश्लेषण केले. अॅनी आल्टशूल यांनी प्रत्यक्ष मनोरुग्ण-विभागांतील संवादांचा अभ्यास करून (1972) परिचारिकांच्या वागण्यामागे कोणताही निश्चित सिद्धान्त आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. या तिन्ही आक्षेपांचा रोख एकच आहे: दोन व्यक्तींचा संबंध पेप्लाउ यांनी पाहिला, तो संबंध ज्या चार भिंतींत घडतो त्या भिंती त्यांच्या चौकटीत पुरेशा येत नाहीत.

आमचा आक्षेप याच दिशेचा, परंतु अधिक नेमका आहे. विमोचनाच्या टप्प्यात रुग्ण परिचारिकेपासून सुटतो. पण सुटून तो जातो कोठे? पेप्लाउ यांनी गृहीत धरलेला रुग्ण बाहेरून आलेला असतो आणि बाहेर परतणार असतो. त्याचे घर, काम, आप्तेष्ट त्याची वाट पाहत असतात, निदान त्याला नाकारत तरी नाहीत. ग्रंथाच्या सिद्धान्ताला एक उघडे दार लागते. ते दार बंद असेल तर चौथा टप्पा अपुरा राहतो, इतकेच नव्हे तर पहिल्या तीन टप्प्यांचा अर्थही पालटतो. ज्याला जावयाचे ठिकाण नाही, त्याच्या बाबतीत परिचारिकेशी जडलेले तादात्म्य ही प्रवासातील पायरी न राहता मुक्काम होऊन बसते.

इंग्रजी परिचर्या-वाङ्मयात अशा रुग्णाला जे विशेषण लावतात, त्यासाठी मराठीत 'दुर्बल', 'असुरक्षित' असे पर्याय योजले जातात. आमच्या मते 'अगतिक' हा शब्द अधिक अन्वर्थक आहे. ज्याला गती, म्हणजे जावयास वाट, नाही तो अगतिक. दुर्बलता ही रुग्णाच्या ठिकाणची उणीव सुचविते. अगतिकता मात्र त्याच्या आणि जगाच्या संबंधातील उणीव सुचविते. हा भेद शाब्दिक नव्हे. दुर्बलाला बळ देता येते. अगतिकाला वाट करून द्यावी लागते, आणि ते काम एकट्या परिचारिकेच्या संभाषण-कौशल्याने साधणारे नाही.

भारतातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांना त्यांच्यासमवेत राहावयास लावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोरुग्ण-विभागानेही कुटुंबासह राहण्याची पद्धत स्वीकारली. येथे परिचर्या-संबंध दोघांचा न राहता तिघांचा होतो: रुग्ण, परिचारिका आणि आप्त. कुटुंबीय परिचर्या शिकतात आणि रुग्ण त्यांच्यासह घरी परततो. चौथ्या टप्प्याचे दार या प्रयोगांत पहिल्या दिवसापासून उघडे ठेवलेले असते. पेप्लाउ यांच्या सिद्धान्ताला ही मोलाची पुरवणी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यातूनही एक रुग्ण वगळला जातो, तो म्हणजे ज्याचा आप्त येतच नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. अशा कोणत्याही मोठ्या संस्थेत दीर्घकाळ राहिलेली एखादी स्त्री कल्पावी. तिचा आजार निवळला आहे; नोंदवहीतील पत्त्यावर धाडलेल्या पत्रांना उत्तर नाही. रोज सकाळी ती विचारते, "सिस्टर, मला घरी कधी पाठवणार?" आणि दयाळू परिचारिका म्हणते, "येतील हो ताई तुमची माणसं, उद्या-परवा येतील." हे उत्तर ममतेचे आहे, पण खरे नाही, आणि प्रत्येक 'उद्या'बरोबर त्या स्त्रीचा परिचारिकेच्या शब्दावरील विश्वास थोडा झिजतो. पेप्लाउ यांच्या चौकटीत बसणारे उत्तर निराळे होईल: घर म्हणजे तिला काय आठवते, तेथे तिला कोण हवे आहे, हे तिला बोलू देणे. हे उत्तर निःसंशय श्रेष्ठ आहे. तथापि ते रोज दिले, आणि दार रोज बंदच राहिले, तर ऐकणे हेही सांत्वनाचाच एक प्रकार होऊन बसते. येथे सिद्धान्त चुकत नाही, तो संपतो.

कायद्याने हे दार उघडण्याचा यत्न केला आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 29 मे 2018 पासून अमलात आला. त्याच्या 19 व्या कलमानुसार केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी नाहीत, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. 20 व्या कलमाने स्वतःचे कपडे वापरण्याचा हक्क मान्य केला असून सक्तीने केशवपन करण्यास मनाई केली आहे. गॉफमन यांनी जे हिरावून घेतले जाताना पाहिले, त्यातील काही येथे शब्दशः परत दिले आहे. परंतु कायद्याचे शब्द आणि जाण्याचे ठिकाण या दोन भिन्न वस्तू होत. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत व तत्सम संस्थांत हलविले जात असल्याचे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि ती प्रथा बंद करण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला. एका बंद दारातून दुसऱ्या बंद दारात नेणे याला विमोचन म्हणता येत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, निवाऱ्याची सोय करणे हे शासनाचे काम आहे. परिचर्येच्या सिद्धान्ताने त्याचा भार का घ्यावा? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. रुग्णाजवळ सर्वाधिक तास परिचारिका असते. कोण आजाराने राहिला आहे आणि कोण केवळ वाट नसल्याने राहिला आहे, हे तिला इतरांच्या आधी कळते. तिचे हे ज्ञान नोंदीत उतरले, समाजसेवा-अधीक्षकांपर्यंत आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापर्यंत पोहोचले, तर ऐकण्याचे साक्षीत रूपांतर होते. पेप्लाउ यांच्या सहा भूमिकांत अशी साक्षीदाराची भूमिका नाही. ती सातवी म्हणून जोडली पाहिजे, आणि 'विमोचन' याचा अर्थ एका संबंधातून सुटणे असा न घेता एका संबंधातून अनेक संबंधांत जाणे असा घेतला पाहिजे.

परिचर्या-महाविद्यालयांतून पेप्लाउ यांचे चार टप्पे परीक्षेपुरते तक्त्याच्या रूपाने पाठ केले जातात. तक्ता पाठ करण्यास हरकत नाही. मात्र विद्यार्थ्यांनी एका दीर्घकालीन रुग्णाची नोंद समोर ठेवून तो तक्ता भरून पाहावा, आणि चौथ्या रकान्याशी आल्यावर तो भरता येत नसेल तर रिकामा ठेवून त्याची कारणे खाली लिहावीत. या सिद्धान्तावरील पुढील संशोधनाचा आरंभ त्या रिकाम्या रकान्यापासून व्हावा, असे आम्हांस वाटते.