माशीला अडकलेला गळ

रिचर्ड डॉकिन्स हे उघड नास्तिक जीवशास्त्रज्ञ. ‘द ब्लाइंड वॉचमेकर’ (१९८६) या पुस्तकात त्यांनी डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयवही लहान लहान बदल साठत कसा घडू शकतो, हे समजावून दिले. नुसता उजेड जाणवणाऱ्या पेशींपासून भिंगाच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या आजच्या प्राण्यांतही सापडतात. हा युक्तिवाद भक्कम आहे.

उत्क्रांतीविरुद्ध आपल्यातून गाजले ते तुर्कस्तानच्या हारून याह्यांचे ‘अ‍ॅटलास ऑफ क्रिएशन’ (२००६). जीवाश्म आणि आजचे जीव शेजारी छापून ‘काहीच बदलले नाही’ असा त्यात दावा आहे. त्यातली एक माशी म्हणजे मासेमारीचे नकली आमिष होते, हे डॉकिन्स यांनी दाखवून दिले. चित्रात गळही दिसत होता!

मात्र ‘द गॉड डिल्यूजन’मध्ये (२००६) डॉकिन्स ईश्वराला विज्ञानातले गृहीतक म्हणून तपासतात, तेव्हा त्यांची पकड सैल होते. सजद्यात झुकणारा माणूस जीवसृष्टीचा सिद्धांत मांडत नसतो. तरीही अजाण मुलांवर धर्माचा शिक्का का मारावा, हा त्यांचा सवाल आपल्याला टाळता येणार नाही.

ईमान राखायला नकली माशी लागत असेल, तर धोका डार्विनपासून नाही. कुरआन शरीफच्या अवतरणाचा आरंभच वाचण्याच्या आदेशाने झाला. मग डार्विन वाचायला आपण का भ्यावे?